खिडकीतले डबे

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो आणि गावाकडे कुणाकडे लग्न निघालं की पत्रिकांवरची नावं घालायला मलाच बोलावणं यायचं. पुढे वसई तालुक्यात क्षयरोगाच्या कार्यक्रमात सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा माझी रजिस्टरं इतकी नीटनेटकी असत की वरचे साहेब ती इतरांना दाखवायला उचलून नेत. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू. आता कुणी अक्षराचं कौतुक केलं की मी विषय बदलतो. का बदलतो, ते बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. विरारला भाड्याचा फ्लॅट, कार्यक्रमाची मोटारसायकल आणि दर वर्षी नव्याने सही होणारं कंत्राट, एवढा माझा संसार. रोग्यांना गोळ्या देणं हे माझं काम नव्हतं. गोळ्या देणाऱ्यांना, आमच्या भाषेत प्रोव्हायडरांना, सांभाळणं हे माझं काम होतं. ही माणसं म्हणजे कुठे अंगणवाडी सेविका, कुठे निवृत्त शिक्षक, सातिवलीच्या कारखान्यांच्या रस्त्यावरचा एक किराणावाला. रोग्याने दिवसाआड त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत सात गोळ्या गिळायच्या आणि त्यांनी कार्डावर खूण करायची. गोळ्या घरी नेऊन रोगी त्या खात नाहीत, आठवडाभर बरं वाटलं की फेकून देतात, हा सगळीकडचा अनुभव, म्हणून हा बंदोबस्त. प्रत्येक रोग्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून एका पुठ्ठ्याच्या डब्यात वेगळ्या काढलेल्या असत. डब्यावर रोग्याचं नाव आणि नंबर लिहायचा, असा नियम.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त डोकेदुखी व्हायची ती मावशीची. मावशी म्हणजे वसईच्या पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका ख्रिस्ती गावातली अंगणवाडी सेविका. गाव भातशेतीचं, पलीकडे थोडी मिठागरं. पन्नाशीची विधवा बाई, ठेंगणी, आवाज खणखणीत, मुलगा आखातात. अंगणवाडीत लहान मुलं, तिथे खोकणारे रोगी नकोत, म्हणून गोळ्या ती स्वतःच्या घरी द्यायची. तिच्याकडे पंधरा-वीस कोंबड्या होत्या आणि गावातले लोक तिच्याकडून अंडी न्यायचे. रोगीही अंडी न्यायलाच यायचे, निदान बघणाऱ्याला तसं दिसायचं. ओटीवर यायचं, आतल्या खोलीत जाऊन गोळ्या गिळायच्या, वर एक उकडलेलं अंडं मावशी समोर बसून खायला लावायची, आणि जाताना हातात दोन अंड्यांची पुडी. पहिल्या दोन महिन्यांनंतर नियमाने आठवड्याच्या गोळ्या एकदम घरी देता येतात. मावशी देत नसे. दिवसाआडच बोलवायची. म्हणायची, "अंडी काय आठवड्याची एकदम नेतं कोन?"

पहिल्यांदा तिच्याकडे तपासणीला गेलो तेव्हा तिने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली, उघडली, आणि मी बघतच राहिलो. आत गोळ्यांचे डबे होते, पण एकावरही नाव नव्हतं. नावाच्या जागी अंगणवाडीच्या फाटक्या तक्त्यांतली चित्रं कापून चिकटवलेली. पोपट, छत्री, भोपळा, मासा.

"हे काय मावशी?"

"रोगी," ती म्हणाली.

"नावं कुठायत?"

"नावं माझ्या डोक्यात. गाव लहान हाय साहेब. पेटी उघडी दिसली तर कुनाला पोपट दिसेल, मानूस नाय दिसनार."

मी तिला नियम समजावला. उद्या तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्याने कुणाच्या गोळ्या कुणाला द्यायच्या, असंही विचारलं. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आजही म्हणेन. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चित्रं तशीच ठेवली. मीही तेव्हा सोडून दिलं, कारण तिचा एकही रोगी उपचार अर्धवट सोडून गेलेला नव्हता. माझ्या इतर कुणाबद्दलच मला हे म्हणता येत नव्हतं. मात्र ऑफिसात मी तिची भरपूर टिंगल करायचो. "आज प्राणिसंग्रहालयाची तपासणी आहे," असं म्हणून निघायचो आणि लॅबमधला माणूस हसायचा.

पोपट हा स्टेशनच्या बाजूला राहणारा तिशीचा एक माणूस होता. अखंड बोलायचा म्हणून पोपट. गर्दच्या नादी लागून त्याने घर, बायको सगळं घालवलं होतं, आणि सुया वापरायच्या दिवसांत एचआयव्हीही झाला होता. मी त्याला दोनदा सरकारी दवाखान्यात लावून दिलं, दोन्ही वेळा कुणीतरी त्याला बाकावरून उठवलं आणि तो परत गेला नाही. माझ्या हिशेबी तो टिकणारा नव्हताच. मावशीने मात्र त्याला आंघोळ करून यायची अट घातली, बाकी काही विचारलं नाही. तो यायचा. कधी डोळे तारवटलेले, कधी पाय लटपटणारे, पण यायचा. अंडं खाता खाता तो मावशीला सगळ्या स्टेशनच्या बातम्या सांगायचा.

आणि छत्री. तिच्यासाठी हे लिहायला बसलोय.

ती त्याच गावातली मुलगी होती, बावीस-तेवीसची. सातिवलीला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. तिला रोग आहे हे तिची आई, मावशी, डॉक्टर आणि मी एवढ्यांनाच ठाऊक होतं. बापालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. कारखान्यात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. शिवाय शेजारच्या गावात तिचं लग्न ठरलेलं होतं. दोन महिन्यांनंतर तिचा थुंकीचा तपास स्वच्छ आला, म्हणजे तिच्यापासून आता कुणाला धोका नव्हता, फक्त उरलेल्या गोळ्या पूर्ण करायच्या होत्या. मी तिला एकदाच नीट बोलताना ऐकलं. मावशीच्या आतल्या खोलीत ती गोळ्या एकेक करून गिळत होती, घोटाघोटाला डोळे मिटून. मग तोंड पुसून मला म्हणाली, "सर, लग्नाच्या आधी संपेल ना हे?"

मी कार्ड बघितलं. लग्नानंतरही महिनाभराच्या गोळ्या उरत होत्या. तसं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला.

"सासरहून अंडी न्यायला ये," मावशी म्हणाली. "नवरा म्हनेल, बायको काटकसरी हाय."

मुलगी हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले होते, हे मला त्या हसण्यामुळे कळलं.

पुढच्या काही आठवड्यांत वरून निरोप आला, शनिवारी तपासणी पथक येणार आहे आणि ते गोळ्या देणाऱ्यांच्या घरीही जाणार आहेत. माझं कंत्राट संपायला महिनाभर उरला होता. मी डोळ्यांत तेल घालून कामाला लागलो. रजिस्टरं आधीच चकचकीत होती. उरली ती मावशीची पेटी. शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो, बरोबर काळा जाड मार्कर आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. पेटीतले सगळे डबे बाहेर काढले, एकेक चित्र नखाने खरवडलं आणि पांढऱ्या पट्टीवर प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. खाली गावाचं नाव, नंबर. फार सुरेख झालं होतं. मी दोन पावलं मागे जाऊन बघितल्याचंही मला आठवतं.

मावशी दारात उभी राहून बघत होती. मी डबे उचलून ओटीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडायला लागलो तेव्हा म्हणाली, "तिथं कशाला साहेब? आत ठेवू ना."

आतली खोली अंधारी होती. पथकातले लोक पाच मिनिटं थांबणार, त्यांना एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे, असं मी म्हणालो.

"पन ओटीवर लोक येतात."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मावशी."

"नावं आतल्या बाजूला फिरवून ठेवू?"

"नावं पुढेच. त्यांना वाचता आली पाहिजेत ना." मी जरा चिडूनच बोललो, कारण उशीर झाला होता आणि अजून दोन घरं बाकी होती. निघताना मोटारसायकलवर बसून मी तिला बजावलं, "मी येईपर्यंत काही हलवू नका. जसं आहे तसं राहू द्या."

शनिवारी पथक आलं, नालासोपाऱ्यापर्यंत फिरलं, माझी रजिस्टरं बघून खूश झालं आणि दुपारी जेवून परत गेलं. मावशीच्या गावापर्यंत कुणी पोचलंच नाही. मला खूप हलकं वाटलं. मावशीच्या शेजारच्या घरी फोन होता आणि माझ्या डायरीत त्याचा नंबरही होता. एक फोन करायचा, की मावशी, झालं, उचला डबे. तो मी केला नाही. विसरलो म्हणावं तर विसरलोही नव्हतो. संध्याकाळी घरी जाताना आठवलं, पण सोमवारी तिकडे जायचंच आहे, तेव्हा सांगू, असं म्हणून सोडून दिलं. रविवारी दुपारी मी मटण खाऊन झोपलो होतो.

रविवारी सकाळी चर्चमधल्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, गावातले लोक मावशीकडे अंडी न्यायला येतात, हे मला ठाऊक होतं. आठवड्यातली सर्वांत जास्त विक्री तेव्हाच होते असं तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. दुसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती, पण विचारली असती तर कळली असती. त्यांच्यात लग्न ठरलं की तीन रविवार मिस्सेत त्या जोडप्याची नावं जाहीर करतात. कुणाला काही हरकत असेल तर त्याने सांगावं, यासाठी. त्या रविवारी फादरांनी या मुलीचं नाव दुसऱ्यांदा जाहीर केलं होतं. गावातले लोक ते नाव कानाने ऐकून आले आणि अर्ध्या तासात त्यांनी तेच नाव मावशीच्या खिडकीत वाचलं. ओटीच्या पायरीवरूनसुद्धा स्पष्ट वाचता येत होतं.

सोमवारी गेलो तेव्हा डबे जिथल्या तिथे होते. फक्त एक डबा आतल्या बाजूला तोंड करून उलटा ठेवलेला होता.

"तो पोपटाचा," मावशी म्हणाली. "शनवारी आला, रस्त्यातूनच त्याला दिसलं. आत आला नि पहिल्यांदा आपला डबा फिरवला. मला म्हनाला, मावशी, सगळे फिरवा. मी म्हटलं नको, साहेब रागावतील."

हे ती मला टोमणा म्हणून सांगत नव्हती. काय झालं ते सांगत होती, इतकंच. मग तिने रविवारचं सांगितलं. अंडी न्यायला आलेल्यांत नवऱ्या मुलाची एक चुलती होती. तिने तिथे काही विचारलं नाही, अंडीही न्यायला विसरली आणि निघून गेली. मी एकेक डबा उचलून पेटीत भरला. "कुणी नीट वाचलं नसेल," असं काहीतरी मी म्हणालो.

त्या दिवशी मुलगी आली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी मावशी तिच्या घरी गेली तर आईने दार अर्धंच उघडलं. तिसऱ्या रविवारी फादरांनी दुसऱ्या दोन जोडप्यांची नावं जाहीर केली, या मुलीचं केलं नाही. मावशीने सांगितलं की त्या वेळी चर्चमध्ये कुणी मागे वळून बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

बाप आमच्या दवाखान्यात आला. मुलीच्या आजाराचं त्याला गावातल्या लोकांकडून कळलं होतं. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा राहून हळू आवाजात म्हणाला की आमच्या मुलीचं नाव तुम्ही बाजारात मांडलंत. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं, मला आणि मावशीला. खोलीत नर्सही होती. डॉक्टरांनी विचारलं, "डबे खिडकीत कुणी ठेवले?"

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "डबे प्रोव्हायडरच्या घरी, तिच्याच ताब्यात असतात, सर. मी नावं लिहायला सांगितली होती, नियमाप्रमाणे. पेटी बंद ठेवण्याची जबाबदारी तिची आहे."

एकही वाक्य उघड खोटं नव्हतं, अशी ती रचना मी रात्रभर जुळवली होती.

मावशीने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग लुगड्याचा पदर सारखा करून डॉक्टरांना म्हणाली, "माझी चूक झाली."

माझा जीव भांड्यात पडला. साधी बाई आहे, डॉक्टरांसमोर बुजली, असं मी स्वतःला समजावलं. घाबरली असेल. अशा बायका साहेबांसमोर बोलत नाहीत. तिचं गोळ्या देण्याचं काम काढून घेतलं आणि डबे गोळा करायला मलाच पाठवलं. मी गेलो तेव्हा तिने पेटी पुसून तयार ठेवली होती. कुणाला कुठली गोळी पचत नाही, कुणाला आधी काहीतरी खायला द्यावं लागतं, हे सगळं तिने मला तोंडी सांगितलं आणि मी ते लिहूनही घेतलं. पोपटाला मी किराणावाल्याकडे लावून दिलं. त्याने उरलेल्या गोळ्या पूर्ण केल्या, पण त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. समोर आलो की गप्प व्हायचा.

छत्रीचा डबा माझ्या कपाटात येऊन पडला. सात आठवड्यांच्या गोळ्या त्यात शिल्लक होत्या.

दहा-बारा दिवसांनी मावशी ऑफिसात आली. सकाळची वेळ, अंगणवाडीत कुणाला तरी बसवून आली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. मुलगी विरारला मामीकडे जाऊन राहिली आहे, कारखानाही सुटला आहे, असं तिने सांगितलं. ती कुठल्याच सरकारी ठिकाणी जायला तयार नाही, पण मावशीच्या हातून घेईल. "मी दिवसाआड जाते विरारला. डबा तेवढा द्या."

"तुम्हाला कसा देता येईल मावशी? तुमचं काम काढून घेतलंय."

"मग मला नका देऊ. तुमच्या नावावर ठेवा. मी नुसती नेईन."

डबा माझ्यापासून हातभर अंतरावर, कपाटात होता. किल्ली माझ्या खिशात. देता आला असता. पण दिला आणि कुणाला कळलं, तर डॉक्टर विचारणार, ज्या बाईला निष्काळजी म्हणून काढलं तिच्याच हाती डबा का दिलास. आणि मग पहिल्यापासून सगळं निघणार. कंत्राटाची सही आठवड्यावर आली होती. मी तिला म्हणालो, "मी स्वतः जातो. पत्ता द्या. सोमवारपर्यंत सोय लावतो तिची, तुम्ही काळजी करू नका."

तिने पत्ता सांगितला, मी लिहून घेतला. "नक्की जाल ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

गेलो, एकदा. विरार पूर्वेला, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर ती चाळ होती. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारातच तांदूळ धूत बसलेली. तिला विचारता आलं असतं, किती वाजता येतात म्हणून. मी विचारलं नाही. शेजाऱ्यांना संशय आला तर पुन्हा बभ्रा होईल, असं कारण मी मनाशी धरलं. ज्या माणसाने हातभर अक्षरात तिचं नाव खिडकीत लावलं, त्याला तिथे एकाएकी गुप्ततेची काळजी वाटायला लागली. खरं कारण हे, की दार उघडलं असतं आणि ती समोर आली असती तर तिच्या तोंडाकडे बघायचं कसं, हे मला कळत नव्हतं. कुलूप बघून मला बरं वाटलं होतं.

ऑफिसात येऊन मी लिहिलं, घरभेट, घर बंद. नियमाप्रमाणे रोगी यायचा थांबला की पुन्हा पुन्हा भेट द्यायची असते. पुढच्या दोन भेटी मी टेबलावर बसून लिहिल्या. घर बंद. रोगी भेटली, समजावले, नकार. तारखा व्यवस्थित अंतराच्या टाकल्या. दोन महिने झाल्यावर तिच्या नावापुढे उपचार सोडल्याचा शेरा मारला आणि पान उलटलं. कंत्राटावर सही झाली होती.

ती परत आली ती दीड वर्षाने, बापाच्या खांद्यावर मान टाकून, रिक्षातून. मी व्हरांड्यात होतो. मी तिला ओळखलं नाही, बापाला ओळखलं. थुंकीचा तपास पुन्हा पॉझिटिव्ह. दुसऱ्या प्रकारचे उपचार सुरू केले, इंजेक्शनं दिली, पण जुन्या गोळ्यांना रोग आता दाद देईनासा झाला होता. त्यापुढची औषधं तेव्हा आमच्याकडे नव्हती. घरच्यांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चारेक महिन्यांनी नर्सने मला सांगितलं की ती गेली.

मी मातीला गेलो नाही. मग पुढच्या आठवड्यात एका दुपारी मोटारसायकल काढली आणि मावशीकडे गेलो. मी सांगायला निघालो होतो. मनाशी सगळं ठरवलं होतं. मीटिंगमधलं आधी, मग कपाटातला डबा, मग भेटींचं. पाया पडायची वेळ आली तर पडायचं, इथपर्यंत.

ती ओटीवर सूप घेऊन अंगणवाडीच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला. मी बसलो आणि लगेच बोलून टाकलं, कारण थांबलो असतो तर राहून गेलं असतं.

"मावशी, त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी तुमच्यावर ढकललं. डबे खिडकीत मीच मांडले होते. हलवू नका असंही मीच म्हणालो होतो."

"मला काय सांगता," ती म्हणाली. "मी होतेच की तिथं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "बोलले असते तर तुम्हाला काढला असता. कंत्राटी मानूस तुम्ही. मला काढलं तर माझी अंगनवाडी राहते. पन तुम्ही गेलात तर नवा साहेब येनार, त्याला पोर ठाऊक नाय, तिचं घर ठाऊक नाय. त्याला सगळं कळेपर्यंत दोन महिने जानार. पोरीकडं तेवढे दिवस नव्हते. आनि तुमच्या हातून झालं होतं ना, तर तुम्हाला लागलं असनार. लागलेला मानूस धावतो. म्हटलं, हे नक्की धावतील तिच्यासाठी. म्हनून गप रायले."

मी खाली बघत होतो. तिला वाटलं मी रडतोय, आणि ती माझी समजूत घालायला लागली.

"तुम्ही तरी काय करनार साहेब. नर्सने सांगितलं मला, तीनदा गेला होता तुम्ही. एवढं कोन करतं? पोरच ऐकली नाय. तिच्या नशिबात नव्हतं, त्याला तुमचा इलाज नाय." मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "भेटली होती ना एकदा? काय म्हनाली तेव्हा? माझं नाव काढलं का?"

"हो," मी म्हणालो. "काढलं होतं."

तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. मी तो चहा प्यायलो.